टबाची उंची

विक्रम प्लंबरने बाथरूमच्या दारातूनच विचारलं, "साहेब कधी येतेत?"

"साहेब उमरेडले ड्युटीवर आहेत. काय विचारायचं ते मले विचारा," माया म्हणाली.

टब तिच्या मुलीसाठी होता. रोशनी चौदा वर्षांची. जन्मापासून तिचे हातपाय ताठ, आणि बोलणं फक्त आईला कळेल असं. रोज कोमट पाण्यात निजवलं तर अंग सैल होईल, असं धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मायाने मापं आधीच घेऊन ठेवली होती. टबाचा काठ व्हीलचेअरच्या बैठकीएवढाच उंच ठेवला, तर मध्ये फळी टाकून रोशनीला सरकवता येणार होतं. उचलायची गरज नव्हती.

विक्रमचं लक्ष फरशीकडे होतं. "टब विटांवर चढवा लागते, ताई. खालून पाइपले ढाळ पाहिजे. तुमी म्हणता तसं खाली बसवाचं म्हटलं तर फरशी फोडा लागन."

"मग फोडा."

"थांबा, साहेबाले विचारतो." त्याने तिच्यासमोरच तिच्या नवऱ्याला फोन लावला. अश्विनचं उत्तर तिला स्पष्ट ऐकू आलं. "तुमाले जसं सोपं पडते तसं करून टाका, भाऊ."

मायाने विक्रमची पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली.

संध्याकाळी अश्विन आला तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तो म्हणाला, "काहून हाकलला त्याले? काम त्याचं आहे, त्याले समजते."

"रोशनीले रोज कोण उचलते, ते समजते का त्याले? तुमाले तरी समजते का?"

"दुसरा प्लंबर पाहू."

"तो बी तुमालेच फोन लावन. टब मीच बसवीन."

अश्विन हसला. त्या हसण्यामुळेच तिने दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा विकत आणला.

मोबाइलवर व्हिडिओ बघून तिने फरशी फोडली. पहिल्या घावात राग होता, पुढच्यातही होता. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले. रोशनी दारात व्हीलचेअरवर बसून प्रत्येक ठोक्याला दचकायची आणि मग खिदळायची. तिसऱ्या दिवशी टब जागेवर बसला. मायाने फळी टाकून स्वतः खुर्चीवरून टबात सरकून पाहिलं. उंची अगदी हवी तशी आली होती.

मग तिने टब भरला आणि बूच काढलं. पाणी जाताना छान वाटलं. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरचे महादेवराव धापा टाकत वर आले.

"आमच्या बाथरूममंधी छतातून पाणी टपकून राहिलं. काय चालवलं तुमी वरतं? घरात माणूस नाही का एखादा?"

"मी आहे ना," माया म्हणाली. पाइपचा जोड सुटला होता, आणि फरशी फोडताना खालचा पाणी अडवणारा थरही तिनेच फोडला होता. चूक तिची होती. त्यांना छत रंगवून देईन असं तिने कबूल केलं, दार लावलं आणि हातातली पक्कड भिंतीवर फेकून मारली.

रविवारी अश्विनने तिला न विचारता विक्रमला बोलावलं. "म्हटलं होतं ना मी," एवढंच तो बोलला. विक्रमने टब बाहेर काढला, विटा रचल्या आणि अंदाज घ्यायला टब त्यांवर ठेवला. काठ मायाच्या कमरेपर्यंत आला.

ती रोशनीला घेऊन आली. "उचला," ती अश्विनला म्हणाली. "टबात ठेवा तिले."

"आता? पाणी बी नाही त्याच्यात."

"पाणी नाही तेच बरं आहे. उचला."

अश्विनने लेकीला उचललं. किती तरी वर्षांनी उचललं असेल. घाबरून रोशनीचं अंग लाकडासारखं ताठ झालं, टाचा काठावर आपटल्या आणि ती ओरडली. त्याला तिला काठापलीकडे नेता येईना, खाली ठेवता येईना. विक्रमने धावत येऊन तिचे पाय धरले आणि दोघांनी मिळून तिला परत खुर्चीत बसवलं.

माया रोशनीच्या टाचा चोळत खाली बसली. पोरीला असं वापरल्याचा तिला स्वतःचाही संताप आला होता. "हे मी रोज करतो," ती म्हणाली. "एकटी. ओल्या फरशीवर."

अश्विन भिंतीला टेकून उभा होता. फोडलेल्या फरशीकडे विक्रमने पाहिलं. "खालीच घ्या लागते मग," तो म्हणाला. "पण थर नव्यानं द्या लागन, ताई. तो सुकू द्या लागन. जोडाले हात लावू नका, तो मी करतो."

"उंची मी सांगन."

"सांगा."

त्याने विटा काढल्या. काम संपेपर्यंत त्याने अश्विनला काही विचारलं नाही.

टब चालू झाल्यावर पहिल्याच दिवशी रोशनी पाण्यात सरकली आणि हळूहळू तिच्या मुठी सुटल्या. माया रडली नाही. तिला फक्त दमल्यासारखं वाटलं. रात्री अश्विन म्हणाला, "झालं ना मनासारखं? आता तरी राग सोड."

"रविवारची आंघोळ तुमची," ती म्हणाली.

रविवारी ती बाल्कनीत चहा घेऊन बसली. आतून अश्विनचा आवाज आला, "माया, पाणी किती गरम लागते वं तिले?"

"तिलेच विचारा," ती म्हणाली, आणि उठली नाही.