उपड्या देवाचा मान

दुपारी चारपर्यंत अपेक्षाला काहीही सापडू नये, एवढंच तिचं काम होतं.

कशेळ्याच्या पुढून जाणाऱ्या नव्या बायपासचा अहवाल तिच्या बॅगेत छापून, बांधून तयार होता. रस्ता जाणार त्या जागेत जुनं देऊळ, कोरीव दगड, प्राचीन असं काही आहे का, हे बघायला कंपनीनं तिला एक दिवस दिला होता. उत्तर आठवडाभर आधीच लिहून ठेवलं होतं : काही आढळले नाही. अहवाल कुठल्याशा जेट्टीच्या अहवालावरून उतरवलेला असल्यानं त्यात 'कासवांची अंडीही आढळली नाहीत' असं एक वाक्य राहून गेलं होतं. तेवढं मात्र शंभर टक्के खरं होतं.

राहिली होती तिची सही. आज चारला सही, उद्या सकाळी जेसीबी. साहेब, म्हणजे रूपेश सर, सकाळपासून अकरा वेळा फोन करून "झालं का?" विचारत होते. त्यांच्या नंबराला तिनं कोंबड्याची बांग लावून ठेवली होती. भर दुपारी बॅगेत कोंबडा आरवला की वाटेवरची माणसं थांबून बघत.

तीनला ती विहिरीपाशी पोचली. आखणीची लाल झेंडी विहिरीच्या कठड्यालाच बांधलेली होती. शेजारी इंदूबाई नावाची साठीची बाई एका लांबरुंद दगडावर गोधडी आपटत होती. झेंडीकडं बघायची, की आपटायची.

"पाणी पी गं पोरी. उद्या नाय मिळायचं," ती म्हणाली. "मे महिन्यात वाडीला हीच एक विहीर पाजते. हिच्यात माती भरणार तुमी."

"मी नाही भरत, मावशी. मी फक्त बघायला आलेय."

"मग बघ की. बघायला काय लागतंय?"

अपेक्षा पाणी प्यायला वाकली आणि तिला दगडाची कड दिसली. कडेला कोरलेली पट्टी होती. कपडे धुवायच्या दगडाला इतक्या हौसेनं पट्टी कोण काढतं?

"ह्याच्या खालच्या बाजूला काय आहे, मावशी?"

"तोंड हाय. देवाचं. उपडा घातलाय त्याला."

हकिगत अशी होती. चाळीस वर्षांपूर्वी हा देव उभा होता. पहिला नारळ कुणाचा, यावरून इंदूबाईच्या सासऱ्यात आणि पलीकडच्या नागूच्या बापात दरसाल भांडण होई. एका साली डोकी फुटली. तेव्हा पंचांनी दोघांना समजवायच्या नादाला न लागता देवालाच उपडा घातला. तोंड खाली म्हणजे देव झोपला. झोपलेल्याला मान नाही, मान नाही तर भांडण नाही. आणि परत उठवायचा झाला तर दोन्ही घरांचा एकेक हात दगडाला लागला पाहिजे.

अपेक्षानं कोरलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. हा वीरगळ असणार, लढाईत मेलेल्या कुणाच्या नावानं उभा केलेला दगड. तो इथं आहे असं लिहिलं, तर विहिरीला हात लावता येणार नव्हता. पण न बघता लिहायचं काय? 'एक दगड झोपलेला आढळला'?

इंदूबाईनं नागूला हाक मारली. सत्तरीचा नागू काठी टेकत आला, सगळं ऐकलं आणि कठड्यावर बसला.

"नाय. निजलाय तर निजू दे."

"नागूभावजी, विहीर बुजवतायत."

"मग पहिला नारळ आमचा, असं बोल. लगेच हात लावतो."

"मेल्यावर सासऱ्याला काय तोंड दाखवू मी?"

"त्याला पण उपडा घाल."

साडेतीन झाले. दगडाखाली पाणी वाहून जायला चार बोटांची फट होती. अपेक्षानं फोनचा टॉर्च लावला, व्हिडिओ चालू केला आणि फोन आत सरकवला. देवाची झोप मोडायची नव्हती, फक्त झोपेतला फोटो पाहिजे होता.

फोन पुरता आत गेला आणि दगडाच्या पोटात कोंबडा आरवला.

एकदा, दोनदा, खणखणीत. नागू ताडकन उभा राहिला, काठी विसरून. इंदूबाईचा पदर डोक्यावर गेला.

"उठला गं," ती म्हणाली.

"साहेब आहेत," अपेक्षा म्हणाली, पण ऐकतंय कोण.

"कोंबडा आरवल्यावर त्याला उपडा ठेवायचा म्हंजे जित्या माणसाला पुरण्यासारखं हाय," नागू म्हणाला. तरी हात पुढं केला नाही. "पण मानाचं काय ते आधी."

दगडाखाली साहेब परत आरवले. इंदूबाईनं झेंडीकडं बघितलं, विहिरीत बघितलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"तुझा. पहिला नारळ तुझा. लाव हात."

अपेक्षानं आखणीवाल्यांची तिथंच पडलेली पहार फटीत घातली, दोघांनी हात लावले. दगड मोठा चिखली आवाज करत उलटला. साबणाच्या मळाखाली घोडा होता, घोड्यावर ढालवाला, वर चंद्र आणि सूर्य. अपेक्षानं आधी फोन पुसला, मग देव. फोटो काढले, लांबीरुंदी घेतली आणि छापील 'काही आढळले नाही' वर काट मारून खाली पेनानं लिहिलं : वीरगळ, एक. तपासणी होईपर्यंत इथे खोदू नये. मग सही केली. पाच महिन्यांची नोकरी आता किती दिवसांची, हा हिशेब तिनं केलाच नाही. पानाचा फोटो तिनं साहेबांना आणि जिल्ह्याच्या कचेरीला एकदमच पाठवला.

"तपासायला कधी येत्यात?" इंदूबाईनं विचारलं.

अपेक्षाला खोटं बोलवेना. "लवकर नाही येत, मावशी. दोन वर्षंसुद्धा लागतात."

"दोन मे निघाले की गं!"

तेवढ्यात नागू घरून नारळ घेऊन आला आणि घोड्यापुढं फोडला. इंदूबाईनं तिकडं पाठ केली. गोधडी अर्धीच धुतलेली होती आणि आपटायला दगड उरला नव्हता. तिनं ती तशीच, हातानं, पिळायला घेतली.