न वाजलेल्या घंटेची शाळा

शेवटी घंटा आवडीनंच वाजवली. पण गावकीच्या ठरावानुसार ती वाजलीच नाही, तेव्हा आपणही काही घडलं नाही असं धरून पुढं जाऊ.

उमरठच्या वरच्या अंगाच्या वाडीत ही घंटा देवीपुढं टांगलेली. मूळची चर्चमधली, अंगावर क्रूस. कुणा पूर्वजानं वसईकडून आणली म्हणत. क्रुसाला शेंदूर फासल्यावर तिच्या धर्माचा प्रश्न मिटला. वणवा लागला की ती सलग वाजायची, कुणी गेलं की थांबत थांबत, आणि आजूबाजूच्या वाड्या धावत यायच्या.

हे ठोके म्हाताऱ्या कुशाबाला येत. त्यानं पोरं तयार केली; पण दोर ओढून दंड भरले की पोरगं मुंबईला, गिरणीत. शेवटी येसाजी तरी टिकावा म्हणून गावकीनं त्याचं लग्न लावून दिलं. संसाराला पैसा लागतो म्हणून येसाजीही मुंबईला गेला. बायको तेवढी टिकली. तीच आवडी.

कुशाबाचा खांदा गेला तेव्हा तिनं दोर मागितला. बाईच्या हातानं घंटा बाटेल, असं गावकीचा पुढारी हैबती याचं म्हणणं पडलं.

"किरिस्तावाची घंटा चालते, आन् गावची सून नाय?" आवडी म्हणाली.

हा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला. तेवढं थांबायला वणव्याला सवड नव्हती. माघातच तो गवताच्या गंज्यांपर्यंत उतरला. आवडीनं दोर ओढला, वाड्यावाड्यांतून बाया हिरव्या डहाळ्या घेऊन धावल्या, आग झोडपून विझवली. हैबतीची गंजीही वाचली. दुसऱ्या दिवशी त्यानं ठराव मांडला: घंटा वाजली नाही, मंडळी सहज फिरायला आली होती, आणि बाईनं ती पुन्हा वाजवायची नाही.

डहाळ्या कशाला, असं कुशाबानं विचारलं. उकडत होतं, असं ठरलं.

आवडी पदर खोचून हैबतीसमोर उभी राहिली. "वाजलीच नाय, तर मनाई कशाची, मामंजी? उद्यापासून मी रंगूबाईला नि बनुबाईलापन न वाजवायला शिकवनार हाय."

तिला सवड मिळावी म्हणून बायांनी तिच्या शेतातली, पेरणीआधी पालापाचोळा जाळून राब भाजायची कामं वाटून घेतली. कुशाबा पायरीवर बसून शिव्या घाली, म्हणजे शिकवणी नीट चालली होती. इतक्यात मुंबईकर पुरुषांचा निरोप आला: शिमग्याला येतोय, दोर आमच्या मानाचा, बायांनी बाजूला व्हावं.

बायांनी महाड गाठलं आणि कोर्टाबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाकडून मामलेदारांना अर्ज लिहून घेतला:

"सबब विनंती की, सदर वाडीचे पुरुष मुंबईस उत्तम रुळले असून घंटेस त्यांची गरज उरलेली नाही. तरी शिमग्यात पोलादपुराकडे येणाऱ्या कोणत्याही एस.टी. गाडीत त्यांस बसू देऊ नये. अर्जदार आवडी हिचे पती येसाजी यांस मात्र, हात बांधून, येऊ द्यावे."