दंड घातलेलं लुगडं

"हात दाखवा," साहेब म्हणाला.

मल्लम्मानं डोक्यावरचं घमेलं उतरवलं. माती भरलेलं घमेलं बाया धपकन आदळतात, तिनं ते पूजेचं ताट ठेवावं तसं ठेवलं. मग पदर सारखा केला आणि दोन्ही हात पुढं धरले. तळव्यांना हिरव्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या.

"त्या चिंध्या सोडा."

"चिंध्या न्हाईत, खण हाय," मल्लम्मा म्हणाली. "गुळेदगुडचा."

पाझर तलावाच्या कामावरची सगळी माणसं थांबून बघत होती. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, त्यात दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. जिल्हा नवा, जीप नवी, साहेबही नवा. चाकूर भागातल्या कामांवर खोटी नावं लावतात अशी तक्रार वर गेली होती म्हणून तो दोन दिवसांच्या तपासणीला आला होता.

मल्लम्मानं पट्ट्या सोडल्या. तळवे स्वच्छ, ना फोड ना घट्टा. महिनाभर पट्ट्या बांधून काम केल्यावर दुसरं काय दिसणार?

साहेबानं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. डाळिंबी इरकली लुगडं, काष्टा दोरीनं आखल्यासारखा सरळ, हिरव्या खणाची चोळी, बाहीला तांबड्या काठाची बोटभर पट्टी, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि खाली कुंकू. साठीला आलेली बाई लग्नाला निघाल्यासारखी मातीच्या ढिगाऱ्यावर उभी होती.

"ही मजूर आहे?" त्यानं मुकादमाला विचारलं.

"हाव साहेब," व्यंकट मुकादम म्हणाला. "सून अन् ही, दोघी येऊन राहिल्या."

"मागच्या गावात मेलेली माणसं हजेरीपटावर होती. इथं माणूस जिवंत आहे, पण मजूर नाही. बाई, तुमच्याकडं किती जमीन आहे?"

"जमीन न्हाई. आमचा कापडाचा धंदा होता."

"बघा! व्यापारी."

"होता म्हनलं मी साहेब. हाय न्हाई म्हनलं." मल्लम्माचा आवाज चढला. "अन् मजूर ओळखायला कपडे कामून बघता? घमेलं बघा. का तुमच्या लातुरात फाटकं नेसलं की दोन घमेली जास्त उचलता येतात?"

मागून एकजण फिस्सकन हसला. ते हसू तिच्या मुळावर आलं. साहेबानं हजेरीपट मागवला, तिच्या नावावर लाल रेघ ओढली आणि म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत मी इथंच आहे. मजूर असाल तर तसा पुरावा द्या."

सुनेचं नाव राहिलं. नीला पाचवारी छापील साडी कशीबशी गुंडाळून यायची, पदर कमरेला कोंबलेला, काठ उसवलेला. मल्लम्मा तिला रोज टोचायची, "पोरी, साडी नेसलीस का अंगावर वाळत घातलीस?" आज त्या अवतारानंच सून वाचली होती.

*

मल्लम्माचा नवरा गुरुपादप्पा तीस वर्षं घोड्यावर गठ्ठे लादून बाजार करायचा. चाकूर, अहमदपूर, शिरूर. कापड तो विकायचा, पण गिऱ्हाईक यायचं ते मल्लम्माला बघून. तिनं नेसलेला रंग पुढच्या बाजारात खपायचा. काळ्या अंगाच्या बाईला ती पिवळा खण काढून द्यायची, जाड बाईला बारीक काठ. बाईनं का कू केलं की म्हणायची, "आरसा घरी हाय न्हवं? मग मला कामून विचारती?" आता घोडा गेला, गठ्ठे गेले, गुरुपादप्पाचे गुडघेही गेले. मुलगा शिवमूर्ती देगलूरला एका कापड दुकानात काम मिळतं का बघायला गेला होता, त्याचं अजून पत्र नव्हतं. घरात नातू दोन वर्षांचा. नीलाच्या एकटीच्या मजुरीवर आणि धान्याच्या कुपनावर चार तोंडं भागत नव्हती. हे मल्लम्माला कुणी सांगायची गरज नव्हती. चूल तिच्याच समोर होती.

"एक दिवस फाटकं नेसून जा की," गुरुपादप्पा म्हणाला. "साहेब गेला की नेस तुझं तू."

"फाटकं हाय कुठं? मी घरात फाटकं ऱ्हाऊ देती का?"

नीला शेजारून एक लुगडं मागून घेऊन आली. मल्लम्मानं ते उजेडाला धरलं, चिमटीत पकडून ताणलं.

"हे फाटलेलं न्हाई, फाटू दिलेलं हाय. पहिल्यांदा उसवलं तवाच टाका घातला असता तर अजून चार वर्षं गेलं असतं. परत दे त्यांचं त्यांना."

"आत्याबाई, आता नखरे नकोत."

"नखरे? खोटं नेसून खरं काम मागू मी? उद्या त्यो साहेब म्हनेल, रडून दाखव. रडू?"

नीलानं ते लुगडं परत घडी केलं. मग हळूच म्हणाली, "मग दंडच दाखवा. त्यो तर खरा हाय."

मल्लम्माचा हात पोटाशी निऱ्यांवर गेला.

लुगडं विरलं की त्याचा धड भाग कापून दुसऱ्या लुगड्याच्या धड भागाला जोडायचा, याला दंड घालणं म्हणतात. गावात निम्म्या बाया दंड घालूनच नेसत होत्या. पण त्यांचे दंड रस्त्यातल्या खड्ड्यासारखे दिसायचे. मल्लम्माचा दंड गावात कुणी पाहिला नव्हता. तिनं दोन्ही अर्धे एकाच रंगात बुडवून काढले होते. खालच्या अर्ध्याचे काठ उसवून तिथं स्वतःच्या जुन्या लुगड्याचे काठ लावले होते. आणि नेसताना हिशेबच असा धरला होता, की शिवण बरोबर निऱ्यांच्या आत, पोटाशी दडायची. कामावरच्या बाया विचारायच्या, "काकू, ह्या दुष्काळात नवं लुगडं?" ती नुसती मान उडवायची. नवं म्हणाली नाही आणि जुनंही म्हणाली नाही.

खरी अडचण वेगळी होती. तो खालचा अर्धा तिचा नव्हताच. दोन वर्षांपूर्वी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आली, तेव्हा मल्लम्मानं उलटा सौदा केला. आपली पितळी चरवी तिला दिली आणि तिच्या गाठोड्यातलं एक टाकलेलं लुगडं घेतलं. "देसमुखाच्या चतुराबाईचं हाय," बोहारीण म्हणाली होती. शिवणीशेजारी पणतीनं जळल्याचं भोक होतं आणि त्यावर पिवळ्या धाग्याचा वाकडातिकडा रफू. त्या धाग्यानं नवा रंग धरलाच नाही. कापड पुरणार नव्हतं म्हणून तो तेवढा कापता आला नाही.

आणि चतुराबाई आता त्याच तलावावर माती वाहत होती. विहीर आटली, बैल गेले, पण नाक तसंच वर. पहिल्याच दिवशी ती मल्लम्माला म्हणाली होती, "आमच्यात बाई एकदा अंगावरनं उतरलेलं परत शिवत न्हाईत." मल्लम्मानं उत्तर दिलं होतं, "आमच्यात उतरवायची वेळच येऊ देत न्हाईत." त्या दिवसापासून दोघी एका झाडाखाली भाकरी खात नव्हत्या.

दंड दाखवायचा म्हणजे चतुराबाईला दाखवायचा.

*

सकाळी मल्लम्मा नेसायला उठली. रोज एकदा नेसलं की झालं, पण आज तिनं तीनदा सोडलं आणि तीनदा नेसलं. निऱ्या कमी घेतल्या, पदर हातभर लांब ओढला. पोटाशी असायची ती शिवण वर चढली, छातीवरून तिरकी खांद्यावर गेली. पिवळा रफू बरोबर गळ्यातल्या इष्टलिंगाच्या खाली आला.

"आत्याबाई, समदं दिसून राहिलं," नीला म्हणाली.

"दिसू दे."

"चतुराबाई..."

"तिला डोळे हायत, ठाऊक हाय मला. तुझा पदर नीट घे. आज आपल्याला बघनार हायत."

साहेब छपराखाली चहा पीत होता. मल्लम्मा समोर जाऊन उभी राहिली. हाताला आज पट्ट्या नव्हत्या.

"पुरावा आनला," ती म्हणाली. "बघा."

साहेबानं पाहिलं. त्याला दिसली ती एक रेघ. टाके इतके बारीक आणि एकसारखे, की कापडातच विणल्यासारखे.

"बाई, आज तर आणखी नटून आलात! ही नक्षी नवीन वाटतं?"

उभ्या आयुष्यात तिनं फाटकं झाकायची कला कमावली होती आणि आज तिला फाटकं दाखवता येत नव्हतं. तिनं शिवणीवर बोट ठेवलं. "दंड हाय ह्यो," ती म्हणाली.

"दंड? कसला दंड?"

माणसं जमली होती. व्यंकट पुढं होऊन समजावू लागला, "म्हंजे साहेब, दोन जुनी लुगडी..." साहेबानं मान हलवली. त्याचा विश्वास बसत नव्हता. तेवढ्यात गर्दीतून चतुराबाई पुढं आली. मातीनं भरलेले हात कुणाच्या कपड्याला लागू नयेत म्हणून तिनं कोपरानंच बायांना बाजूला सारलं आणि मल्लम्माच्या छातीवरच्या पिवळ्या रफूकडं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

मल्लम्मानं मान ताठ ठेवली. समोरच्या बाभळीच्या शेंड्यावर नजर लावली.

"साहेब," चतुराबाई म्हणाली, "ह्यो रफू माझ्या हातचा हाय. दिवाळीत पनतीनं जळलं होतं. मी बोहारनीला देऊन टाकलं, वाटीच्या बदल्यात. त्येच हाय हे."

नीलानं खाली बघितलं.

"तुमचं टाकून दिलेलं लुगडं?" साहेबानं विचारलं.

"टाकून दिलेलं. अर्धं." आणि जरा थांबून चतुराबाई म्हणाली, "माझ्याकडं होतं तवा एवढं देखणं नव्हतं."

हे तिनं वाचवण्यासाठी म्हटलं की ओरबाडण्यासाठी, मल्लम्माला कळलं नाही. दोन्ही झालं होतं. साहेबानं चहाचा कप खाली ठेवला. पुन्हा एकदा त्या रेघेकडं पाहिलं आणि घाईघाईनं नजर काढून घेतली. हजेरीपटावर त्यानं लाल रेघेखाली नाव नव्यानं लिहिलं. "मल्लम्मा गुरुपादप्पा. बरोबर?"

"बरोबर," मल्लम्मा म्हणाली. "अन् कालचा अर्धा दिवस?"

"तोही लिहितो."

*

दुपारी जीप गेली. बाया दोन-दोन चार-चार जणी भाकरीला बसल्या. मल्लम्मा एका दगडावर एकटीच बसली होती. नीलालाही तिनं डोळ्यांनीच लांब ठेवलं होतं. अर्धी भाकरी खाऊन झाली तेव्हा समोर सावली पडली.

चतुराबाई उभी होती. तिच्या काखेत एक जुनं हिरवं लुगडं घडी करून धरलेलं होतं. दुपारच्या सुट्टीत ती घरी जाऊन ते घेऊन आली असावी, दम लागला होता.

"मधून गेलंय," ती म्हणाली. "दोन्ही टोकं धड हायत."

मल्लम्मानं भाकरीचा तुकडा मोडला.

"टाका कंचा हाय त्यो?"

"तुला जमनार न्हाई. तुझा हात जड हाय. तुझा रफू दोन वर्षं पोटाशी घेऊन फिरले, मला सांगतीस?"

"म्हनून तर आले."

मल्लम्मानं तिच्याकडं पहिल्यांदाच सरळ बघितलं. मग दगडावर थोडी सरकली.

"आधी हात धुऊन ये. मातीच्या हातानं कापडाला शिवू देत न्हाई मी."

टँकर कालपासून आला नव्हता. माठात होतं ते प्यायला. चतुराबाई क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं अंगावरच्या पदराचं टोक उलटं केलं, दोन्ही हात कोपरापर्यंत पुसले, एकेक बोट पुसलं आणि शाळेतल्या पोरीसारखे ते हात, सुलटे आणि मग पालथे, मल्लम्मासमोर धरले.