शमनसाराची बरणी

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. माझी जाड काच आता धुरकट झाली आहे आणि काठाचा एक टवका उडाला आहे. तरीही एके काळी मी औषधशाळेतली सगळ्यांत लाडकी बरणी होते, हे मी जरा तोऱ्यातच सांगते. म्हातारपणी एवढा तोरा चालतो.

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. कारागिराने लांब नळीतून फुंकर घालून मला आकार दिला आणि माझ्या तोंडाला घट्ट बसेल असे काचेचे बूच घासून घासून तयार केले. पुढे एका वैद्यांनी मला विकत घेतले आणि माझ्यात शमनसार भरले.

शमनसार म्हणजे फिकट हिरवे, तेलासारखे द्रव्य. त्याचा एक थेंब पाण्यात टाकून त्यावर मंत्र पुटपुटला की मोडलेले हाड जुळत असे, भाजलेली कातडी पुन्हा मऊ होत असे. किती माणसे लंगडत आली आणि ताठ चालत गेली! जाताना कुणी वैद्यांचे आभार मानी, तर कुणी थेट माझ्याकडे बघून हात जोडी. मी मनातल्या मनात फुगून जाई.

पण या शमनसाराची एक वाईट खोड होती. बूच काढले की त्याची वाफ सुटे. तिला जळक्या साखरेसारखा वास येई. ही वाफ आधी नाक बधिर करी, मग बोटे, आणि मग छातीतला श्वास. दुखणे घालवणारे औषधच ते! माणसाला इजा होत असतानाही ते दुखू देत नसे.

वैद्य गेल्यावर औषधशाळा त्यांच्या मुलांनी चालवली. ताई थेंब मोजायची आणि धाकटा भाऊ मंत्र म्हणायचा. भाऊ स्वभावाने गोड, पण वडिलांच्या शब्दाबाहेर जाईल तर शपथ! खिडकी उघडी राहिली तर मंत्र उडून जातो, असे वडील सांगत. म्हणून तो खिडकीच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून ठेवी. बूच काढायचे, वास जाईपर्यंत थांबायचे आणि मग कामाला लागायचे, ही त्या घरची रीत. वास गेला म्हणजे वाफ गेली, असे दोघेही धरून चालत. मित्रांनो, बंद खोलीतून वाफ जाणार तरी कुठे? वाफ तिथेच असे, बधिर झालेले असे ते त्यांचे नाक!

त्यातच एकदा घाईगर्दीत माझ्या काठाचा टवका उडाला आणि बूच नीट बसेना.

"ताई, नवी बरणी आणू या का?" भावाने विचारले.

"आणू की सावकाश. हिच्यावर माझा जीव आहे रे," म्हणत ताईने बुचाला चिंधी गुंडाळली. मला फार बरे वाटले, पण त्या चिंधीतून वाफ रोज थोडी थोडी झिरपत राहिली.

एके दिवशी पाय मोडलेला एक हमाल आला. त्याला बाहेरच्या बाकावर निजवायला भाऊ गेला. आत ताईने माझे बूच काढले आणि ती नेहमीसारखी थांबली. थोड्या वेळाने भाऊ परत आला तो खोकतच.

"ताई, वास केवढा येतोय!"

"काहीतरीच तुझं! वास कधीच गेला. चल, मंत्र सुरू कर."

बोलता बोलता तिच्या हातातला चमचा खाली पडला. तिने चमच्याकडे पाहिले आणि ती हसली. "हातच कळत नाहीये बघ मला," ती म्हणाली आणि टेबलाला धरत खाली घसरली. तिचा श्वास अडखळू लागला. मला ओरडावेसे वाटत होते, पण बरणीला आवाज कुठला?

भाऊ खिडकीकडे धावला. त्यानेच चिकटवलेल्या पट्ट्या निघेनात. क्षणभर तो थबकला. मग त्याने स्टूल उचलले आणि तावदान फोडले. मोकळा वारा आत घुसला. त्याने ताईला ओढत बाहेर पायरीवर आणले.

"अरे, मंत्र जाईल..." ती पुटपुटली.

"खड्ड्यात गेला मंत्र! तू श्वास घे. घे बघू. हं, अजून एक."

"माझ्या पायाची घाई नाही हो, आधी बाईंना बघा," हमाल म्हणाला आणि पडल्या पडल्या खांद्यावरच्या फडक्याने तिला वारा घालू लागला.

ताई वाचली. संध्याकाळी भावाने फुटक्या खिडकीसमोर उभे राहून कापऱ्या आवाजात मंत्र म्हटला आणि हमालाचे हाड जुळले. मंत्र कुठेही उडाला नव्हता. भाऊ मटकन खाली बसला आणि हमसाहमशी रडला. वडील शेवटी शेवटी धापा का टाकत होते, हे त्याला त्या क्षणी कळले होते.

ताईची बोटे मात्र पुरती सुधारली नाहीत. शमनसाराने केलेली इजा शमनसाराला बरी करता येत नाही. चहाचा कप उचलण्याआधी ती अजूनही भावाला विचारते, "फार गरम नाही ना रे?"

आता तिथे फिरकीच्या झाकणाची नवी बरणी आहे. खिडकी सताड उघडी असते आणि काम सुरू करण्याआधी बाहेरच्या कुणाला तरी हाक मारून वास येतोय का ते विचारतात. मला धुऊन पुसून उंच फळीवर ठेवले आहे. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढी सुरेख बरणी रिकामीच का? मला द्या, मी साखर भरीन."

"नाही काकू," ताई घाईघाईने म्हणाली. "कितीही धुतली तरी हिच्यात खायचं काही ठेवायचं नाही."

मित्रांनो, साखरेची बरणी व्हायला मला किती आवडले असते! तुमचे चिकट, चिमुकले हात माझ्यात शिरले असते, आणि मी घरभर मिरवले असते. पण माझ्यात काय राहून गेले असेल, याची मलाच खात्री नाही. म्हणून एवढेच मागते. ज्या बरणीत औषध होते, ती खाऊसाठी घेऊ नका. सैल झाकणावर चिंधीने भागवू नका. उग्र वास येता येता एकाएकी थांबला, तर आधी बाहेर पळा. आणि मी तुम्हाला कितीही आवडले, तरी मला हात लावू नका. लांबूनच बघा. तेवढ्याने माझे भागेल.