रक्तातल्या अंगठ्या

घड्याळं दुरुस्त करण्यात उभं आयुष्य गेलेल्या वडिलांनी सवयीनं डावा डोळा मिटला आणि ते सूक्ष्मदर्शकावर वाकले.

"बाबा, दोन्ही डोळे उघडे ठेवा. घड्याळ नाहीये ते," लेक हसून म्हणाली.

"दर वेळी रक्त काढून नेतेस माझं. त्याचं करतेस काय, ते बघू तरी दे."

ती प्रयोगशाळेत मलेरियाचे जंतू वाढवायची. त्यांना जगायला माणसाचं रक्त लागे. मग त्यांना मारायला जुन्या औषधी मुळ्या-सालींचे अर्क घालून बघायची. एकामागून एक अर्क वाया गेला होता. आज मात्र तिनं फोन करून वडिलांना तडक बोलावून घेतलं होतं.

भिंगाखाली रक्तपेशींच्या फिकट गुलाबी चकत्या दाटीवाटीनं पसरल्या होत्या. काहींच्या आत केसासारखी बारीक, जांभळी कडी. कडीवर एकच गडद ठिपका, खडा बसवावा तसा.

"अंगठ्या आहेत गं! काय नाजूक काम आहे."

"तोच तो, बाबा. मलेरियाचा जंतू."

ते झटकन मागे सरले. लहानपणी त्यांची धाकटी बहीण याच तापानं गेली होती. घरातली सगळी पांघरुणं तिच्यावर घालून वर ते स्वतः आडवे पडले होते, तरी तिचं कुडकुडणं थांबलं नव्हतं.

लेकीनं दुसरी काच लावली.

"आता हे बघा. तुमचंच रक्त, तेच जंतू, पण दोन दिवस एका कडू मुळीच्या अर्कात ठेवलेलं."

अंगठ्या कुठेच नव्हत्या. इथेतिथे काळी, आक्रसलेली टिंबं तेवढी उरली होती.

"आणि माझं रक्त?"

"शाबूत! जंतू मेले, रक्ताला धक्का नाही. औषध व्हायला खूप वर्षं लागतील, बाबा. कदाचित होणारही नाही. पण..."

"पहिली काच परत लाव."

ते कितीतरी वेळ वाकून राहिले.

"मला वाटायचं, त्याला नखं असतील. दात असतील," ते हळूच म्हणाले. "इतका देखणा असेल, असं कधी मनातच आलं नाही. धाकटीच्या अंगातही असाच...?"

"हो, बाबा."

ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. लेक त्यांच्या जागी बसली. असल्या काचा ती रोज बघे. मोजणीच्या यंत्रावर बोट आपटत, भराभर जंतू मोजत. आता तिनं यंत्र बाजूला सारलं आणि नुसतीच पाहत राहिली.