तेजोबाबांचा ज्योतकॅमेरा

पुढं जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच छातीठोकपणे सांगून ठेवतो. देव दूध प्यायले ना, त्याच वर्षीची गोष्ट. मार्गशीर्षातला गुरुवार, सकाळची वेळ, आणि बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एका सोसायटीचं मैदान. गर्दी एवढी की कावळ्यांना बसायला तार उरली नव्हती. एक बाई चक्कर येऊन बेशुद्ध पडली, ती आरती संपेपर्यंत उभीच होती. पडायला जागा कुठं होती?

आणि ही सगळी दुनिया लोटली होती एका कॅमेऱ्याच्या दर्शनाला!

मखमली उशीवर, झेंडूच्या हारात, लेन्सच्या वर कुंकवाचा टिळा लावलेला एक जुना जपानी कॅमेरा. त्याच्या शेजारी तेजोबाबा. बाबांनी भगवी कफनी घातली होती आणि मनगटावर परदेशी घड्याळ. भाषणात मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी यांची अशी मिसळ, की प्रत्येकाला वाटावं, आपल्याला न कळलेल्या भाषेतच खरं ज्ञान असणार.

"भक्तजनो, आत्मा म्हणजे काय? व्हायब्रेशन! व्हायब्रेशन म्हणजे काय? तेज! आणि तेज दिसणार कशात? डोळ्यात नाही, यंत्रात! अमेरिकेतले सायंटिस्ट अजून शोधतायत, आणि आपल्या बडोद्यात माल तयार! बोलो, जय तेज!"

"जय तेज!" मैदान गरजलं. "कमाल छे!" मागून कुणी तरी म्हणालं.

मग गेल्या गुरुवारी काढलेले फोटो वाटले गेले. चमत्कार असा की प्रत्येक फोटोच्या डाव्या काठाशी एक केशरी ज्योत उभी! कुणाच्या खांद्याला लागलेली, कुणाच्या कानाशी कुजबुजणारी. "सासूबाई!" म्हणून एकीनं हंबरडा फोडला. एका गृहस्थांनी ज्योतीला उभ्याउभ्याच साष्टांग दंडवत घातला. त्यांचं कुणी वारलेलं नव्हतं, पण म्हणाले, असू दे, पुढं उपयोगी पडेल.

गर्दीत उभी असलेली रसिका मात्र दात आवळून त्या उशीकडं बघत होती. तो कॅमेरा तिचा होता. तिच्या वडिलांचा. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं होतं. त्यांनीच तिला फिल्म भरायला शिकवली होती, आणि ती कशीबशी फोटो काढायला लागते न लागते तोच ते गेले. आणि व्यासपीठाच्या पायरीवर आरतीचं ताट धरून पहिल्या मानाची भक्तीण म्हणून बसली होती ती तिची आई, मंदाकिनी.

झालं होतं असं. दसऱ्यानंतर रसिकानं गच्चीत उन्हात आईचा फोटो काढला. फोटो धुऊन आला तर आईच्या शेजारी केशरी ज्योत. शेजारच्या सोसायटीतल्या कुणी तरी तेजोबाबांचं नाव सुचवलं. बाबांनी फोटो पाहिला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "माई, पतिदेव आलेत. पण मुलगी त्यांच्या यंत्राला हात लावते. आत्मा रडतोय. तिच्यापायी अडकलाय."

त्या दिवसापासून कॅमेरा बाबांच्या उशीवर गेला, आई गुरुवारच्या सेवेला गेली, आणि घरी रसिकानं वाढलेलं जेवण आईच्या घशाखाली उतरेना. लेकीकडं बघताना तिच्या डोळ्यांत जे यायचं, ते रसिकाला रागापेक्षा जास्त लागायचं. कॅमेरा गेल्याचं दुःख एक वेळ गिळता आलं असतं. पण बाप लेकीमुळं रडतो असं जो सांगतो, त्याला सोडायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

तिच्या हाती एकच गोष्ट होती: ज्योत आलेल्या त्या रोलच्या निगेटिव्ह. एक पट्टी तिनं खिडकीशी धरली. निगेटिव्हवर ज्योत काळी दिसत होती. आईचं चित्र आपल्या चौकटीत गुमान बसलेलं, पण ज्योत चौकट ओलांडून फिल्मच्या कडेला जी भोकांची रांग असते तिच्यावरूनही आरपार गेलेली. लेन्समधून येणारं चित्र तिथवर पोचतच नाही! मग ज्योत आली कुठून?

दसऱ्याआधीच्या निगेटिव्ह काढल्या. सगळ्या स्वच्छ.

"आई, खंडेनवमीला कॅमेरा पूजेत ठेवला होतास ना? त्याआधी काही केलंस त्याला?"

"करायचंय काय? घरातली हत्यारं पुसतात तसा पुसला. तुझ्या बाबांचं शिवणयंत्र, पाना, सुरी, सगळंच लख्ख केलं. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं तर खाचेत ही काळी चिकट घाण! रॉकेलचा बोळा फिरवून निपटून काढली. का गं?"

रसिका फतेगंजच्या एका स्टुडिओत गेली, आणि विनंती करून तिथल्या कॅमेऱ्याचं झाकण उघडून पाहिलं. खाचेत, बिजागरीपाशी, काळ्या मऊ स्पंजची पट्टी. उजेड आत शिरू नये म्हणून. जुनी झाली की ती पट्टी वितळून चिकट होते. आईनं पूजेसाठी जी घाण काढली होती, ते कॅमेऱ्याचं दार बंद ठेवणारं कुलूप होतं. फटीतून ऊन आत जाई आणि फिल्मवर ज्योत उमटे. तेजोबाबा फोटो फक्त उन्हात का काढत, तेही आता उघड झालं.

तिनं आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, "बापाला फट म्हणतेस?" आणि उठून आत गेली.

तेव्हा रसिका शेजारच्या भास्कररावांकडं गेली. भास्करराव म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले, कारेलीबागेतले सर्वमान्य थापाडे. त्यांनी एकदा म्हणे विश्वामित्री नदीतल्या मगरीला तिकीट नाही म्हणून गाडीतून उतरवलं होतं.

"काका, मला त्या माणसाला लोकांसमोर उघडा पाडायचाय."

"पोरी," भास्करराव मिशीत हसले, "खऱ्यानं थापाड्याला पकडता येत नाही. थापाड्याला पकडायला थापाड्याच लागतो. येत्या गुरुवारी माझाही फोटो काढून घेतो. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो हातात पडला, की बघ गंमत."

तर सुरुवातीला सांगितला, तो हाच पुढचा गुरुवार. फोटो वाटून झाले, आणि रसिका गर्दी कापत पुढं आली. आईनं मान फिरवली.

"बाबा, मला दोन शब्द बोलायचेत. मी सांगते म्हणून कुणी मानू नका. ही निगेटिव्हची पट्टी हातात घ्या, उन्हाकडं धरा. चित्र चौकटीत आहे, ज्योत भोकांवर आहे. म्हणजे ती लेन्समधून आलेली नाही, मागच्या झाकणातून आलीय. खंडेनवमीला खाचेतली स्पंजची पट्टी पुसली गेली, तिथून ऊन शिरतं. खाचेत काळी लोकर भरा, नाही तर सावलीत फोटो काढा. ज्योत आली तर मी बाबांचे पाय धरीन!"

पट्टी हातोहात फिरली. कुणी चष्मा पुसला, कुणी मान डोलावत म्हणालं, "वात तो साची छे," गोष्ट तर खरी आहे.

तेजोबाबा मात्र हसले. कसलेला गडी! "फट आहे? कबूल! अरे बेटी, आत्मा काय बेल वाजवून दारातून येतो? तो फटीतूनच येणार! सायन्सनं फट शोधली. फटीतून कोण येतं, ते सांगायला तेजोबाबाच लागतात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात भास्कररावांनी फोटो छातीशी धरून असा टाहो फोडला की चार पोरं घाबरून रडायला लागली.

"बाबा! माझ्या खांद्यापाशी बघा! माझा धाकटा भाऊ, बाळकृष्ण! वाघोडियाला कारखान्यात होता हो! गेला बिचारा!"

बाबांनी डोळे मिटले. "बाळकृष्ण... आलाय. दादा, दादा, म्हणून हाक मारतोय. यंत्राचा धक्का बसला होता त्याला."

"अगदी बरोबर! काय म्हणतो?"

"भूक लागलीय म्हणतो. गोड मागतोय."

"श्रीखंड?"

"श्रीखंड!"

"पण त्याला तर बासुंदी आवडायची, बाबा."

"आधी श्रीखंड, नंतर बासुंदी. आत्म्याला घाई नसते." बाबांचा आवाज भरून आला. "लहानपणी तुम्ही दोघं एका ताटात जेवायचात. तू त्याला मारायचास. पण त्यानं क्षमा केलीय. हा बघा, रडतोय! दादाच्या गळ्यात पडून रडतोय!"

बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. रसिका आईकडं बघत राहिली. सगळा डाव आता तिथं होता. भास्कररावांना ओळखणारं त्या मैदानात आईइतकं जवळचं कुणी नव्हतं. ती गप्प राहिली तर कॅमेरा गेला, आई गेली, आणि बाप कायमचा लेकीमुळं रडणार.

आईनं एकदा भास्कररावांकडं पाहिलं, एकदा बाबांकडं. मग ताट पायरीवर ठेवलं आणि उठून उभी राहिली.

"भावजी, खोटं बोलताय तुम्ही." तिचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत गेला. "इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय आपण. तुमच्या आईनं दुसरा मुलगा व्हावा म्हणून जन्मभर उपास केले. यंदाच्या भाऊबीजेला तुमच्या पाचही बहिणी एकट्या तुम्हाला ओवाळून गेल्या, करंज्या मी स्वतः वाढल्यात. तुम्हाला भाऊ नाही. कधी नव्हता." ती बाबांकडं वळली. "मग महाराज, इतका वेळ हा रडतोय तो कोण? आणि माझ्या लेकीच्या नावानं इतके गुरुवार माझ्या घरात जो रडत होता, तो तरी कोण होता?"