मिकॉनच्या वाट्याचे पाणी

मित्रांनो, मी एक जुने पाणघड्याळ आहे. अथेन्सच्या न्यायसभेत माझे सारे आयुष्य गेले. कुंभाराने मला घागरीसारखे घडवले आणि बुडाशी एक बारीक भोक ठेवले. कुणी बोलायला उभा राहिला की शिपाई माझे बूच काढी. पाणी संपले की बोलणेही संपले. श्रीमंताला थेंबभर जास्त नाही, गरिबाला कमी नाही. त्यामुळे सगळे माझी वाहवा करत, आणि मलाही अभिमान वाटे.

पुढे शहरात सॉफिस्ट आले. गावोगाव फिरून, मोल घेऊन बोलण्याची कला शिकवणारे हे गुरुजी. प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात आणि त्यातली कुठलीही जिंकवता येते, असे ते म्हणत. तरुण मंडळी त्यांच्यावर लट्टू झाली. त्यांतले काही खरेच शहाणे होते. देवांविषयी, कायद्यांविषयी कुणी विचारले नव्हते असे प्रश्न त्यांनी विचारले. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्याला दोन्ही बाजू सारख्याच, तो नेमका कुणाचा?

एके दिवशी मध विकणाऱ्या मिकॉनवर खटला उभा राहिला. "याचा बाप अथेन्सचा नव्हताच, हा खोटा नागरिक आहे," असा डेक्सिओसचा आरोप होता. तो सिद्ध झाला तर मिकॉन गुलाम म्हणून विकला जाणार होता. डेक्सिओस घडाघडा बोलला. तेव्हा बघ्यांना अडवणाऱ्या कुंपणापाशी पोलिआर्कोस नावाच्या सॉफिस्टाचे ओठ त्याच्याबरोबर हलताना मला दिसले.

मग मिकॉन उठला. तो तोतरा आहे हे सगळ्या बाजाराला ठाऊक. आज मात्र तो एकदाही अडखळेना. मी कुंपणाकडे पाहिले. पोलिआर्कोसचे ओठ पुन्हा हलत होते!

न्याय करायला बसलेल्यांनाही वास आलाच.

"अरे मिकॉन, 'मध' म्हणायला तुला अर्धी सकाळ लागते! आज कुणाची जीभ उसनी आणलीस?"

"बापही उसनाच असेल!"

हशा पिकला. मिकॉन पाठ केलेले सारे विसरला. "माझे व-वडील… टि… टि…"

माझे पाणी वाहतच होते.

"अहो, याचा बाप माझा सख्खा भाऊ!" कुंपणाबाहेरून त्याचा म्हातारा काका ओरडला. "मी साक्षीला येतो म्हणत होतो. त्या गुरुजींनीच नको म्हटलं हो! म्हणे, भाषण पुरे आहे!"

"आजोबा, गप्प बसा. तिथून साक्ष होत नसते," शिपायाने दटावले.

पाणी संपले. न्याय करणारे मतांच्या काशाच्या चकत्या टाकायला उठले.

"टिमोकेडीस," मिकॉन म्हणाला. अगदी स्वच्छ. पण चकत्यांच्या खणखणाटात ते कुणाला ऐकू गेले नाही.

मिकॉन विकला गेला. संशय गुरुजींचा आणि शिक्षा याला. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय! मला अजून त्याचे वाईट वाटते.

आता मला तडा गेला आहे आणि मी कोपऱ्यात पडून आहे. मित्रांनो, मला सांधलेत तर उपकार होतील. पण पुन्हा वापरायला काढाल तेव्हा, ज्याला आपल्या बापाचे नाव घ्यायला वेळ लागतो, त्याच्यासाठी माझ्यात आणखी एक घागर ओता.